दुसरी सही

१२ जानेवारी

प्रिय दादा,

लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. समोर कुणाच्या तरी वरच्या हिरडीचा प्लास्टरचा साचा वाळतोय, तेवढा वेळ माझा. तुझ्या त्या डोंगरातल्या शाळेत फोन लागत नाही आणि टपालाची गाडी आठवड्याला एकदाच येते, म्हणून आधी मुद्द्याचं सांगते.

ठकीचा कणा आणखी वाकलाय. गेल्या वर्षी पट्टा बांधला तेव्हा तीस अंश होता, आता अठ्ठेचाळीस. सर्जन म्हणाले, पट्ट्याचं काम संपलं. अकरावं वर्ष, उंची वाढायचे दिवस. वाढेल तेवढी ती वाकडीच वाढणार आणि पुढं फुप्फुसावर दाब येणार. एप्रिलच्या आत ऑपरेशन करून दोन सळ्या बसवायच्या. त्यांनी तारीखसुद्धा दिलीय. फॉर्म दिला. त्यावर सहीच्या दोन जागा आहेत, एक आईची, एक वडिलांची.

तो सही करत नाही.

वकीलबाईंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, आपल्या कायद्यात लग्न उभं आहे तोवर मुलीच्या एवढ्या मोठ्या ऑपरेशनला दोघांच्याही सह्या लागतात. नुसतं वेगळं राहण्याच्या कागदानं सहीचा प्रश्न सुटत नाही. एकट्या आईला हक्क मिळतो तो घटस्फोटाच्या हुकुमातच. मी तीनदा विचारलं, दुसरी वाट नाही का? तिसऱ्यांदा त्या चिडल्या.

आपले म्हातारे फादर म्हणाले, "प्रार्थना कर, थांब." आई म्हणते, आपल्या घरातलं कुणी असल्या कामासाठी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. तीन वर्षं मी एकटी राहते ते तिला चालतं, कारण ते कागदावर नाही.

तू पाद्री आहेस, शिकलेला आहेस आणि माझा भाऊ आहेस. मला सांग, मी घटस्फोट मागितला तर ते पाप आहे का? हो किंवा नाही. पोस्टकार्डावर मावेल.

तुझी,
धाकटी


२५ जानेवारी

प्रिय धाकटी,

तुझं पत्र वर्गात मिळालं. मुलांना लिहायला देऊन मी ते दोनदा वाचलं. ठकीसाठी रोज मिस्सेत प्रार्थना करतोय, तिला सांग.

तू हो की नाही विचारतेस. अशा गोष्टी इतक्या सरळ नसतात गं. लग्न हा काही दोघांचा करार नाही, तो संस्कार आहे. जे देवानं बांधलं ते कोर्टाच्या शिक्क्यानं सुटत नाही, हे तुला मी सांगायला नको. जिथं एकत्र राहणं अशक्य होतं तिथं वेगळं राहायला चर्च मुभा देतं. तशी तू राहतेसच आणि त्याबद्दल मी तुला कधी बोल लावलेला नाही. पण घटस्फोटाचा अर्ज हे पुढचं पाऊल आहे. त्याचा लोकांवर काय परिणाम होतो, ठकीच्या मनावर काय होतो, हेही बघायला हवं.

त्याला नीट, शांतपणे विचारलंस का? माणूस हट्टाला पेटला की वकिलाच्या नोटिशीनं आणखी पेटतो. शेवटी तो बाप आहे. कदाचित मधे कुणी समजूतदार माणूस पडला तर तो ऐकेल. मी विचार करतोय. थोडा धीर धर.

इथं थंडी फार आहे. शाळेचं छप्पर दोन ठिकाणी उचकटलंय.

तुझा,
दादा


३ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र तीन पानी आहे. त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठंच नाही. मी दोनदा शोधलं.

नीट विचारलंस का, म्हणतोस. ऐक. नोव्हेंबरात ठकीला घेऊन साडेचार तास बसनं त्याच्या गावी गेले. पोरगी पट्ट्यामुळं टेकून बसू शकत नव्हती, सगळी वाट ताठ बसून आली. तो एका दहा मजली इमारतीच्या लिफ्टचं काम करत होता. जिन्याखालीच उभं राहून बोललो. मी पिशवीतून एक्स-रे काढून दिला. त्यानं तो बल्बसमोर धरला आणि बराच वेळ बघत राहिला. वाकलेल्या कण्यावरून बोट फिरवत होता, खोटं कशाला सांगू.

म्हणाला, "माझा भाऊ सात वर्षांचा होता. साधं पोटाचं ऑपरेशन. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो होतो. तो परत आलाच नाही."

मी म्हटलं, "मला माहीत आहे. म्हणून तर तुला भेटवते सर्जनशी. तूच विचार त्यांना काय विचारायचं ते."

तर हातपाय पुसायच्या फडक्यानं एक्स-रेच्या कडा पुसत म्हणाला, "तू घरी ये. दोघं मिळून बघू. तू बाहेर राहणार आणि मी सह्या करत बसणार, असं नाही व्हायचं."

म्हणजे भीतीही खरी आणि सौदाही खरा. त्याची भीती मला कळते रे. पण तिच्या आडून तो मला ओढतोय, हेही कळतं.

आणि आता जे आईलाही सांगितलं नाही ते सांगते. तू सगळ्यांसारखा समजतोस की आमचं पटलं नाही. तो कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचा. रोज. पहिल्या वर्षी म्हणायचा, वस्ती वाईट आहे. नंतर कारण सांगायचंही सोडलं. मी खिडकीतून शेजारणीकडून भाजी घ्यायचे आणि हसून म्हणायचे, किल्ली हरवली. ठकी आठ वर्षांची असताना एके दिवशी तिला फणफणून ताप आला. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत मी तिला ओल्या फडक्यांत गुंडाळून आत बसले. खिडकीतून हाक मारली असती, पण मला लाज वाटली. पोर तापानं बडबडत होती आणि मला लाज वाटत होती, दादा! त्या आठवड्यात मी निघाले.

आता मला पुन्हा "थोडा धीर" सांगू नकोस.

आणखी एक. रविवारी चर्चमध्ये बायबलचं वाचन करणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढलंय. कुणीतरी मला वकिलाच्या जिन्यावर पाहिलं म्हणे. आपल्या चर्चमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या मी केल्यात. माझ्याच दातांनी माझं नाव चघळतात.

वकीलबाईंनी अर्ज तयार ठेवलाय. तुझ्या उत्तरासाठी थांबले आहे, कारण देवाशी भांडण करून मला हे करायचं नाही. फक्त तेवढ्यासाठी.

धाकटी


१६ फेब्रुवारी

धाकटी,

कुलपाचं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही. लिहिलं तर पुन्हा पाद्र्यासारखं लिहिलं जाईल.

तू विचारलंस त्याचं उत्तर: नाही, ते पाप नाही.

हे मी भावाच्या मायेपोटी म्हणत नाही. चर्चची शिकवणच तशी आहे, आणि पहिल्या पत्रात मी तिला वळसा घालून गेलो. मुलांचा सांभाळ, कायद्यानं मिळणारा हक्क, वारसा यांचं रक्षण करायला दिवाणी घटस्फोट हाच एक मार्ग उरला असेल, तर तो सहन करता येतो. त्यात नैतिक अपराध नाही. तू तीनदा दुसरी वाट विचारलीस. दुसरी वाट नाही. मग प्रश्न मिटला.

फक्त त्याचा अर्थ नीट समजून घे, म्हणजे पुढं कुणी काही बोललं तर गोंधळणार नाहीस. कोर्ट सरकारच्या दप्तरातलं लग्न मोडेल. चर्चच्या दृष्टीनं तुमचं लग्न उभंच राहील. तुला दुसरं लग्न करता येणार नाही. मात्र तू पापनिवेदनाला जाऊ शकतेस, कम्युनियनची भाकर घेऊ शकतेस, वाचन करू शकतेस. घटस्फोट झाला म्हणून कुणी चर्चबाहेर जात नाही. निम्म्या लोकांना हे ठाऊक नाही आणि उरलेल्या निम्म्यांना ठाऊक करून घ्यायचं नाही.

अर्ज दाखल कर. उद्याच कर.

मी मधे घाईनं एक गोष्ट केली आहे. ती निस्तरायला बघतो. तू त्याची काळजी करू नकोस.

दादा


११ मार्च

दादा,

ती "घाईनं केलेली गोष्ट" मला काल कोर्टात भेटली.

त्याच्या वकिलानं फाइलमधून निळा कागद काढला तेव्हाच मी अक्षर ओळखलं. तुझा तो "ळ", शेपूट वर वळवलेला. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं: "माझी बहीण मनानं अजून तुमचीच आहे. तिला हे नको आहे. ती वकिलाच्या सल्ल्यानं पुढं जाते आहे. तुम्ही घाई करू नका, तिला थोडा वेळ द्या, ती परत येईल." खाली तुझी सही. सहीपुढं फादर.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "तुमचे सख्खे भाऊ?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार? त्यांनी समेटासाठी तीन महिने दिले. जूनमध्ये पुढची तारीख.

बाहेर आल्यावर तो माझ्याजवळ आला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "बघ, दादांनाही कळतंय." रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. त्याला ते खरं वाटतंय. तू त्याला ते खरं वाटायला लावलंस.

एप्रिलची तारीख गेली. आज दुसऱ्या मुलाला दिली. परवाच्या एक्स-रेत त्रेपन्न अंश आहेत. ठकीनं विचारलं, "मग आता कधी?" मी म्हटलं, मामाला विचार.

तू मला अर्ज कर म्हणालास ते फेब्रुवारीत. त्याला पत्र लिहिलंस जानेवारीत. मधल्या दिवसांत तुला एक ओळ लिहायला झाली नाही? "दादानं तुझ्या पाठीमागं पत्र लिहिलंय, वकिलांना सांगून ठेव." एवढीच. तेही पोस्टकार्डावर मावलं असतं.

उत्तर पाठवू नकोस. पाठवलंस तर त्यात देवाचं नाव नको.


२० मार्च

धाकटी,

उत्तर पाठवतो आहे. तुझी अट पाळतो.

पंचवीस जानेवारीला तुला लिहिलं त्याच बैठकीत त्याला लिहिलं. मला वाटलं, मी समजूतदार माणूस. तुझं दुसरं पत्र आल्यावर त्याला पुन्हा लिहिलं, की ते पत्र विसरा, सही करा. त्याचं उत्तर आलं नाही. हे दुसरं पत्र त्याच्या वकिलानं कोर्टात दाखवलं नसणार. तुला कळवलं नाही, कारण मला वाटलं प्रकरण कोर्टात जायच्या आत मिटेल आणि तुला कधी कळणारच नाही. भेकडपणाला याहून चांगला शब्द मला सापडला नाही.

पण का लिहिलं, तेही सांगायला हवं. तुमचं लग्न माझ्या हातून लागलेलं पहिलं लग्न. आदल्या दिवशी तालीम झाल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत मी झगे कपाटात लावत होतो. तू आलीस आणि म्हणालीस, "दादा, मला त्याची भीती वाटते. मी कुठं जाते, किती वाजता येते, सगळं वहीत लिहून ठेवतो." मी हसलो. म्हणालो, "सगळ्याच नवऱ्या मुलींना भीती वाटते. प्रेम करतो म्हणून लिहितो." तू माझ्याकडं पाहिलंस आणि बरं म्हणालीस.

चौदा वर्षं तू ते बोलून दाखवलं नाहीस. तुमचा संसार मोडला असं मी मान्य केलं तर त्या खोलीत मी काय केलं, तेही मान्य करावं लागणार होतं. म्हणून मी तुला धीर धरायला सांगत राहिलो. तो धीर माझ्यासाठी होता.

आता काम. सोबत शपथेवरचं निवेदन आहे, इथल्या दंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं. पहिलं पत्र मी तुला न विचारता लिहिलं, त्यातलं तुझ्या मनाबद्दलचं एक वाक्यही तू मला सांगितलेलं नव्हतं, आणि नंतर मी ते मागं घेतलं, असं त्यात आहे. दुसऱ्या पत्राची माझ्याकडं नक्कल आहे, तीही जोडली. वकीलबाईंना सांग, मुलीच्या तब्येतीचं कारण देऊन लवकरची तारीख मागा. मी स्वतः येतो. बिशपांना परवानगी मागितली. त्यांनी विचारलं, "घटस्फोटाच्या कोर्टात पाद्री उभा राहिला तर लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "पाद्र्याचं पत्र तिथं आधीच उभं राहिलंय." त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी निघतो आहे.

दादा


१९ एप्रिल

दादा,

स्टेशनवर मी तुझ्याशी धड बोलले नाही. राग गेलेला नाही, पण तू साक्षीला उभा राहिलास तेव्हा तुझ्या चपलेचा पट्टा तुटलेला दिसला आणि रागावणं अवघड झालं.

तुझी साक्ष झाल्यावर तुला बाहेर बसवलं आणि आम्हा दोघांना आतल्या खोलीत बोलावलं. तिथं काय झालं ते तू विचारलं नाहीस. आज सांगते.

छोटी खोली, टेबलावर फायलींचा ढीग, एक पंखा. न्यायाधीशबाईंनी हॉस्पिटलचा फॉर्म त्याच्यासमोर ठेवला आणि त्यावर पेन. म्हणाल्या, "तुम्ही आत्ता इथं सही केलीत तर यांना या अर्जाची गरजच उरत नाही. बरोबर ना?" माझ्याकडं वळल्या.

दादा, त्या क्षणी मी काय म्हणाले असेन? हो म्हणाले. खरंच. मला घटस्फोट कधीच नको होता, मला सही हवी होती. मी म्हटलं, "त्यांनी सही केली तर मी आत्ता अर्ज मागं घेते."

त्यानं पेन उचललं. टोपण काढलं. फॉर्मवरच्या रिकाम्या रेघेवर पेनाचं टोक ठेवलं, शाईचा ठिपकासुद्धा पडला. मी मनात म्हणत होते, कर रे, कर, एवढं एक कर. तो म्हणाला, "तिला काही झालं तर माझ्या सहीनं झालं, असं होईल." बाई म्हणाल्या, "आणि सही न केल्यानं झालं तर?" त्यानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "ती घरी येणार असेल तर करतो."

बाईंनी फॉर्म उचलून फाइलीत ठेवला. पुढं सगळं पंधरा मिनिटांत झालं. हुकूम, ताबा, वैद्यकीय निर्णयाचा हक्क, सगळं माझ्या एकटीकडं.

लोकांना वाटतं मी जिंकले. लॅबमध्ये पोरींनी मिठ्या मारल्या. मला त्या खोलीतला तो ठिपका आठवतो आणि टेबल उलथून द्यावंसं वाटतं. एका रेघेसाठी चौदा वर्षांचं लग्न सरकारदरबारी मोडलं, कारण शहाण्यासुरत्या माणसाला एवढीशी रेघ ओढता आली नाही.

ऑपरेशन सहा मेला आहे. सर्जननी सुट्टी पुढं ढकलली.

परवा रविवारी मिस्सेला मागच्या बाकावर बसले. कम्युनियनला उठले नाही. फादर काय करतील याची खात्री नव्हती, आणि सगळ्यांसमोर हात पसरून रिकामा परत यायची माझ्यात ताकद नव्हती.

धाकटी


२८ एप्रिल

धाकटी,

तुझं पत्र आज आलं. गाडी परत जायच्या आत हे लिहितो.

म्हाताऱ्या फादरांना मी स्वतंत्र पत्र लिहिलंय. या वेळी तुला कळवून: नक्कल सोबत आहे, वाच, नको असेल ते कळव, मी तेही त्यांना कळवीन. त्यांना एवढंच लिहिलंय, की तिनं दुसरं लग्न केलेलं नाही, मुलीसाठी हा कागद घेतला आहे, आणि तिला नाकारायला आपल्याकडं काहीही आधार नाही. तू पुढच्या रविवारी जा. मागच्या बाकावर बसू नकोस.

बिशपांनी बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी मला आणखी वरच्या शाळेत पाठवणार आहेत. तिथं टपालाची गाडी महिन्यातून एकदा जाते.

एक गोष्ट विचारायची आहे. त्या मागच्या खोलीत तू मला जे बोललीस ते पापनिवेदन नव्हतं, त्यामुळं ते सांगायला मला बंदी नाही. लग्नाच्या वेळी अशी भीती असेल, तर ते लग्न मुळात झालं होतं का, हे धर्मप्रांताचं, म्हणजे चर्चचंच, न्यायालय तपासू शकतं. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. तुला वाटलं तर मी साक्ष देईन. नाही वाटलं तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही.

दादा


१५ मे

प्रिय दादा,

ऑपरेशन झालं. सात तास. ठकी सुखरूप आहे. पायाची बोटं हलतात, सगळी, मी दहाही मोजून घेतली. आता क्रमानं सांगते.

आधी रविवार. मी तिसऱ्या बाकावर बसले. रांगेत आई माझ्या मागं. कोर्टात कुलपाचं सगळं तिनं ऐकलं, तेव्हापासून ती माझ्याशी त्याबद्दल अक्षर बोललेली नाही. फक्त रोज माझा डबा स्वतः भरते. फादरांच्या समोर आले तेव्हा त्यांचा हात थांबला. अर्धं मिनिट असेल, मला अर्धा तास वाटला. अख्ख्या चर्चनं खोकणंसुद्धा बंद केलं. आणि मागून आई, तिच्या त्या फाटक्या आवाजात, म्हणाली, "फादर, रांग खोळंबलीय."

त्यांनी दिलं. घरी येताना मी म्हटलं, "आई!" तर म्हणाली, "माझे गुडघे दुखत होते." बाकी काही नाही. वाचनाच्या यादीत माझं नाव अजून आलेलं नाही, आणि मी विचारायला जाणार नाही.

सहा तारखेला तो हॉस्पिटलमध्ये आला. कुणी कळवलं माहीत नाही. सकाळी आठपासून बाकावर बसला होता. नर्सनं मला विचारलं, "हे वडील म्हणतात. कागदावर फक्त तुम्ही आहात. बसू देऊ का?" दादा, हा हक्क मिळवायला मी चार महिने झिजले आणि तो हातात आला तेव्हा त्याचं करायचं काय तेच कळेना. मी म्हटलं, बसू दे.

सात तास आम्ही एका बाकाच्या दोन टोकांना बसलो. दुपारी एकदा त्यानं विचारलं, "आपण आता काय आहोत?"

मी म्हटलं, "चर्चच्या दृष्टीनं नवरा-बायको. सरकारच्या दृष्टीनं कुणी नाही."

"आणि तुझ्या?"

"मला आत्ता विचारू नकोस. आत माझी पोरगी आहे."

सर्जन बाहेर आले, बोलले, आणि तो भिंतीकडं तोंड करून रडला. मला दया आली, आणि दया आली म्हणून संताप आला. सही केली असती तर हेच रडू बाप म्हणून, आत जाऊन, तिचा हात धरून रडता आलं असतं. मी त्याला पाच मिनिटं आत जाऊ दिलं. तो गेला तसा परत आला आणि निघून गेला.

तुझ्या न्यायालयाचं: आत्ता नाही. एका वेळी एकच कोर्ट. ते लग्न होतं की नव्हतं हे मला खरंच माहीत नाही, आणि कुणी तिसऱ्यानं येऊन तपासावं इतकी ताकद अजून आलेली नाही. तू साक्ष द्यायला तयार आहेस हे वाचून मात्र बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ठकीला उभं केलं. वेदनेनं तोंड पांढरं पडलं होतं. मी दोन्ही हातांनी धरलं होतं आणि व्यायाम घेणाऱ्या बाई सांगत होत्या, "एक पाऊल, शाब्बास, अजून एक." ठकी सगळ्यांवर चिडली होती. बाईंवर, सळ्यांवर, सर्वांत जास्त माझ्यावर. खिडकीपर्यंत नऊ पावलं टाकली आणि दात आवळून म्हणाली, "आई, सोड ना. तू धरलंस की मला चालताच येत नाही."

मी सोडलं. ती उभी राहिली.

तुझी,
धाकटी